दुकानांच्या पाट्या : एक शब्दाभ्यास
(द्वितीय वर्ष कला)

लक्ष्मी रस्त्यावरून जाताना आपण पाट्या वाचतो त्या दुकान शोधण्यासाठी. परंतु त्याच पाट्या भाषेच्या दृष्टीने वाचल्या, तर शब्द कोठून येतात व कसे घडतात हे सहज उलगडते.

प्रथम 'दुकान' हाच शब्द घेऊ. तो फारसीतून मराठीत आला. 'दवाखाना' हाही त्याच वाटेने आला. 'खाना' म्हणजे घर, जागा. हे पद मराठीत इतके रुळले की आपण ते 'छाप'ला जोडून 'छापखाना' केला. हेच काम संस्कृतातील 'आलय' व 'गृह' ही पदे करतात. औषध + आलय = औषधालय. 'भांडार'चे मूळ 'भाण्डागार', म्हणजे माल ठेवण्याचे घर. मात्र संधी चुकला की अर्थ बिघडतो. उप + आहार = उपाहार, म्हणजे फराळ. पुष्कळ पाट्यांवर 'उपहारगृह' असे असते. पण 'उपहार' म्हणजे भेटवस्तू!

काही नावे जागेवरून नव्हे, तर माणसावरून घडतात. स्पॅनिश भाषेत 'सापातो' म्हणजे जोडा, तो शिवणारा 'सापातेरो' व त्याचे दुकान 'सापातेरिया'. वस्तू, माणूस, दुकान अशी ही सरळ साखळी आहे. आपल्याकडेही सुवर्णकारापासून सोनार, कुंभकारापासून कुंभार आणि चर्मकारापासून चांभार हे शब्द झाले. पण हे शब्द धंद्यापुरते न राहता जातीचे झाले, आणि पाटीवर क्वचितच चढले. सोनाराच्या पाटीवर 'सराफ' हा मूळचा अरबी शब्द असतो, नाहीतर 'ज्वेलर्स'. १९५० साली पुण्यात सुरू झालेल्या 'चितळे बंधू मिठाईवाले' या नावातील 'वाले' पाहा. तो प्रत्यय माल सांगतो, जन्म सांगत नाही.

हा प्रश्न माझ्या घरचाही आहे. माझे वडील चपला-बूट शिवतात. फुटपाथवरून ते टपरीत आले, तेव्हा पाटीचा मजकूर ठरविण्याचे काम माझ्याकडे आले. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. त्या तोऱ्यात मी 'पादत्राणालय' सुचविले. व्याकरण निर्दोष होते! वडील म्हणाले, "गिऱ्हाइकाला वाचता येईल असं लिही. आणि जात कळेल असं काही नको." शेवटी आम्ही 'चप्पल-बूट दुरुस्ती' एवढेच रंगविले.

सापातेरो हे आडनाव लावणारे गृहस्थ २००४ ते २०११ या काळात स्पेनचे पंतप्रधान होते. आपला शब्दही व्युत्पत्तीने तितकाच साधा आहे : चर्म + कार, चामड्याचे काम करणारा. त्यात मुळात कमीपणा नाही. तो समाजाने मागाहून चिकटविला. शब्दाचे मूळ शोधताना आपण विद्यार्थ्यांनी हा पुढचा इतिहासही ध्यानात घ्यावा, एवढेच सुचवावेसे वाटते.