एक तारीख ठरते कशी?



दहावीनंतर शाखा निवडण्याचे दिवस आले की आमच्या शिक्षक-खोलीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "सर, इतिहास घेऊन मुलगा पुढे करणार काय?" विचारणारे पालक चुकतात असे आम्ही म्हणणार नाही. मुलांच्या पोटापाण्याची काळजी आईवडिलांनी करायची नाही तर कोणी? पण या प्रश्नामागे एक समज दडलेला असतो, तो म्हणजे इतिहास हे सनावळ्यांचे पाठांतर. म्हणून या अंकात आम्ही सनावळीतली एकच तारीख घेतो आणि ती ठरली कशी ते पाहतो.

तारीख तुम्हा सर्वांच्या ओळखीची आहे : १९ फेब्रुवारी १६३०, शिवाजी महाराजांचा जन्मदिवस. तुमच्या पणजोबांच्या पुस्तकात मात्र जन्मसाल १६२७ असे. ते आले बखरींतून. मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीत शके १५४९ चा वैशाख दिलेला आहे. पण ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे घटनेनंतर सुमारे एकशे ऐंशी वर्षांनी लिहिलेली. चिटणीस मुद्दाम खोटे लिहीत होते असे नव्हे. त्यांच्यापर्यंत जे चालत आले ते त्यांनी नोंदवले. आपल्या घरी पणजोबांच्या जन्माची गोष्ट चार काका चार तऱ्हांनी सांगतात, तसेच हे.

पुढे भोरजवळच्या कारी गावी जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली मिळाली. शकावली म्हणजे वर्षवार केलेली घटनांची टिपणे. या शकावलीत शके १५४० ते १६१९ या काळातल्या नोंदी आहेत. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा दिलेला होता. बखरीपेक्षा जवळजवळ तीन वर्षांचा फरक! मोठा वाद झाला. एका कागदावरून इतके दिवस मानलेली गोष्ट सोडायची का, ही शंका रास्तच होती.

मग दुसरा साक्षीदार उभा राहिला, तोही कारीपासून शेकडो मैल दूर, तंजावरला. महाराजांच्याच काळातल्या कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्याची पोथी तेथे सापडली आणि सदाशिव महादेव दिवेकर यांनी ती १९२७ साली प्रकाशात आणली. तिच्यातही शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीयाच आहे. गावच्या देशमुखांच्या घरातले टिपण आणि तंजावरच्या संग्रहातले काव्य, दोन्ही तीच तिथी सांगतात. न्यायालयात दोन स्वतंत्र साक्षीदार जुळावेत, तसे येथे जुळले.

आता वही-पेन्सिल घ्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे तुम्ही शिकला आहात. १५५१ मध्ये ७८ मिळवले तर १६२९ येतात. मग १६३० कसे? फाल्गुन हा शकवर्षाचा शेवटचा महिना. तोपर्यंत इंग्रजी नवे वर्ष लागलेले असते, म्हणून ७९ मिळवायचे. आणि वार? जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे १९ फेब्रुवारी १६३० ला शुक्रवारच होता. आजच्या ग्रेगोरियन पंचांगाने मोजले तर तो दिवस १ मार्च येतो, वार तोच. ज्यांना गणित आवडते आणि इतिहास आवडत नाही त्यांनी हे जरूर करून पाहावे.

महाराष्ट्र शासनाने ही तारीख २००१ साली अधिकृतपणे स्वीकारली. म्हणजे शकावली छापल्यानंतर पंचाऐंशी वर्षांनी! इतका वेळ का लागला, असे मुले विचारतात. आमच्या मते वेळ लागला हे बरेच झाले. हल्ली मोबाइलवर सकाळी आलेला 'खरा इतिहास' संध्याकाळपर्यंत शंभर घरी पोहोचतो. तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कशाच्या आधारे लिहिला, हे विचारायला कोणी थांबत नाही. त्यावरून माणसे भांडतात, शेजाऱ्याशी बोलणे टाकतात. इतिहासकार हे तीन प्रश्न विचारतो, आणि नवा कागद मिळाला तर आपलेच जुने मत बदलतो.

याचे उदाहरण आपल्या वडोदऱ्यातच आहे. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले ते १९२५ पर्यंत येथे होते. राजपुत्रांना शिकवता शिकवता त्यांनी 'रियासत' लिहायला घेतली. निवृत्तीनंतर पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी रुमाल तपासून १९३० ते १९३४ या काळात त्यांनी निवडक कागदांचे ४५ खंड काढले. आणि या नव्या कागदांच्या आधारे, वयाची ऐंशी उलटल्यावर, मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत पुन्हा नव्याने लिहून प्रसिद्ध केला. आधीचे लिहिलेले आहे तेवढे पुरे, असे ते म्हणाले नाहीत.

आता थोडे आमच्या मनाला लागलेले. दिवाळीच्या साफसफाईत आपल्या समाजातल्या एका घरातून जुन्या कागदांचे गाठोडे रद्दीत गेले. त्या घरातला आठवीचा मुलगा खाली पडलेले तीन कागद उचलून शाळेत घेऊन आला. मोडी! आम्हा शिक्षकांपैकी एकालाही वाचता येईना, हे सांगताना लाज वाटते. शेवटी एका विद्यार्थिनीच्या पणजोबांनी भिंग लावून वाचले. कोणा मुलाच्या मुंजीचा खर्च होता : गूळ, तूप, पत्रावळी, टांग्याचे भाडे, भटजींची दक्षिणा. मिती गुजराती रिवाजाप्रमाणे संवत १९८४ च्या माघातली. मुलाने लगेच ५७ वजा करून १९२७ सांगितले. आजोबा हसले, "अरे, माघ आहे ना? मग छप्पन वजा कर." १९२८ आले.

लढाई नाही, तह नाही. पण मराठी माणसे गुजरातेत राहून हिशेब मोडीत लिहीत आणि मिती संवताची घालीत, हे त्या तीन पानांनी दाखवले. बाकीची पाने काय सांगत होती ते आता कळायचे नाही.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की ग्रंथालयात एक कोरडे, कुलपाचे कपाट या कामासाठी द्यावे. पालकांनी जुने कागद सापडल्यास त्यांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये; सुती कापडात बांधून, कोणाच्या घरचे आणि कोठे सापडले एवढे एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे. मूळ कागद द्यायचे नसतील तर फोटोही चालतील. आजोबा शनिवारी दुपारी मोडीची बाराखडी शिकवायला तयार आहेत. पहिले नाव त्या आठवीतल्या मुलाने दिले आहे, दुसरे आम्हीच दिले आहे.