घरच्या कामासाठी लहान साखळी-करवत

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंतच्या वाड्यांतून नारळ, सुपारी, आंबा व फणस यांची झाडे आडवी झाली. अशा प्रसंगी कुऱ्हाडीने ज्या ओंडक्याला अर्धा दिवस जातो, तो साखळी-करवतीने, म्हणजे गावात जिला नुसतेच 'कटर' म्हणतात त्या यंत्राने, थोडक्या वेळात तुटतो. हे पाहिल्यावर आपल्या घरीही असे एक यंत्र असावे असे बागायतदारास वाटणे साहजिक आहे. परंतु दुकानात गेल्यावर तो बहुधा मोठ्यात मोठे यंत्र उचलतो, आणि तेथेच चूक होते.

प्रथम कामाचा हिशेब करावा. सामान्य कुटुंबात वर्षाकाठी काय काम निघते? आंब्यावरील बांडगुळाच्या फांद्या काढणे, वाळलेल्या फांद्या उतरविणे, पावसाळ्यापूर्वी सरपण फोडण्याजोगे तुकडे पाडणे, कुंपणाचे खांब कापणे, एवढेच. यातील बहुतेक लाकूड वीतभर जाडीचेही नसते. त्याकरिता १० ते १४ इंच लांबीचे पाते पुरते. पाते हे कापावयाच्या खोडाच्या जाडीपेक्षा दोन-तीन इंच लांब असावे, एवढा साधा नियम ध्यानात ठेवावा. सहा इंची फांदीसाठी अठरा इंची पाते घेणे म्हणजे लिंबू चिरावयास कोयता घेणे होय. क्वचित एखादे मोठे झाड पाडावयाचे असेल तर ते काम माहितगार कापणाऱ्यास मजुरी देऊन करवून घ्यावे. त्यासाठी मोठे यंत्र विकत घेऊन माळ्यावर ठेवण्यात शहाणपण नाही.

वजन पाहताना दुकानदार सांगतो ते बहुधा पाते, साखळी व इंधन यांवाचूनचे असते. हे सर्व चढविल्यावर सुमारे एक किलो वाढतो. म्हणून पाते बसविलेले व टाकी भरलेले यंत्र दोन्ही हातांनी कमरेच्या उंचीवर पाच मिनिटे धरून पाहावे. हात थरथरू लागला तर ते यंत्र त्या माणसाचे नव्हे. थकलेल्या हातात करवत वळते, आणि अपघात होतात ते बहुतेक अशाच वेळी.

हलकेपणाच्या मोहात आणखी एक फसगत होते. काही यंत्रांची मागची मूठ काढून ती वरच्या बाजूस बसविलेली असते. त्यामुळे यंत्र आटोपशीर व स्वस्त वाटते. ही दोराने झाडावर चढून काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसांसाठी केलेली असतात. ती एका हाताने चालविण्याचा मोह होतो. घरगुती वापरासाठी एक मूठ पुढे व एक मागे असलेलेच यंत्र घ्यावे.

शक्तीच्या दृष्टीने तीन प्रकार मिळतात. विजेच्या वायरीवर चालणारे यंत्र अंगणातील सरपणासाठी उत्तम. त्यास इंधन नको व देखभालही थोडी. मात्र वायर जेथवर पोचते तेथवरच त्याचे राज्य, आणि ओल्या जागी ते वापरूच नये. बॅटरीवरील यंत्र आवाज कमी करते व धूर करीत नाही, तासाभराच्या किरकोळ कामास ते सोयीचे आहे. चार-सहा इंची पात्याची बॅटरीची छोटी यंत्रे फांद्यांच्या छाटणीस ठीक, पण त्यांतील अनेकांस साखळी थांबविणारा ब्रेक नसतो, हे पाहून घ्यावे. घरापासून दूर डोंगरउतारावर बाग असेल तर ३० ते ३५ सीसीचे पेट्रोल यंत्र बरे.

ब्रेकची गोष्ट जरा खोलात सांगणे अवश्य आहे. फिरत्या साखळीसह पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडास किंवा दडलेल्या फांदीस लागला की यंत्र क्षणार्धात उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येते. हा उलटा झटका हाताने आवरता येत नाही. पुढच्या मुठीसमोरील आडवे कवच झटक्याने पुढे ढकलले जाऊन साखळी जागीच थांबते, तोच ब्रेक. खरेदीपूर्वी यंत्र बंद असताना हातमोजे घालून कवच पुढे ढकलावे. साखळी ओढली असता ती हलता कामा नये. कवच मागे ओढले की ती मोकळी सरकली पाहिजे. इंजिन मंद चालू असता साखळी स्थिर राहते की नाही, हेही दुकानातच पाहावे.

वादळात पडलेल्या झाडाचे खोड ताणलेल्या धनुष्यासारखे असते. ते कापताना कोणत्या बाजूस ताण आहे हे ओळखले नाही, तर पाते अडकते किंवा खोड उसळून पायावर येते. असे काम नवख्याने हाती घेऊ नये. शिडीवर उभे राहून अथवा खांद्याच्या उंचीपेक्षा वर यंत्र कधीही चालवू नये. चष्मा, कानांवर आवरण, जाड बूट व घट्ट कपडे यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.

लहान यंत्र लवकर बिघडते असा समज आहे. पण ते बिघडते बहुधा बोथट साखळीमुळे. धारदार साखळीतून लाकडाच्या चकत्या पडतात, बोथट झाली की पिठासारखा भुसा येतो. नारळाचे कठीण, तंतुमय खोड व मातीत लोळलेला ओंडका धार फार लवकर मारतात. योग्य मापाची गोल कानस यंत्राबरोबरच घ्यावी आणि साखळीचे वंगण प्रत्येक वेळी इंधनाबरोबर भरावे. तेथे जळके इंजिन-तेल घालू नये. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते; ५० ला १ या प्रमाणास लिटरमागे २० मिलिलिटर, २५ ला १ असल्यास ४० मिलिलिटर. कोणते प्रमाण, ते यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे. सुटे भाग व दुरुस्ती तालुक्याच्या ठिकाणी मिळत नसेल, तर कितीही स्वस्त यंत्र असले तरी ते सोडून द्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांस अवश्य सांगावी. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोडविषयक कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा इत्यादी झाडे आहेत. ती स्वतःच्या जमिनीतील असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत.

काम संपल्यावर महिनाभर यंत्र लागणार नसेल तर टाकी रिकामी करून, इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते व ते ओलावा शोषते. कोकणातील पावसाळ्यात टाकीत राहिलेले असे पेट्रोल पुढच्या हंगामात यंत्र सुरू होऊ देत नाही. बॅटरीचे यंत्र असल्यास बॅटरी काढून, निम्मी भरलेली, चुलीपासून दूर कोरड्या जागी ठेवावी.