गाडी 'मिसिंग' मारते तेव्हा : कारण शोधण्याचा पाठ



आपल्या घाटनांदूर-अंबाजोगाई रस्त्यावर आजही एखादी जुनी मारुती 800 दिसते. अशी गाडी चढाला झटके देऊ लागली, उभी असताना थरथरू लागली की मिस्त्री म्हणतो, "मिसिंग मारतीय." हा दोष तो कसा शोधतो, यात मुलांसाठी विज्ञानाचा चांगला पाठ आहे.

या गाडीचं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलेंडरचं. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलेंडरमध्ये एकदाच पेट्रोल पेटतं. मिनिटाला 900 फेरे धरून फळ्यावर गणित घ्या: एका सिलेंडरचे 450, तिन्हींचे 1350 भडके. एक सिलेंडर बंद पडला की उरतात 900. थरथर होते ती त्यामुळेच. पेटायला लागतं हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण, वेळेवर ठिणगी आणि सिलेंडरमधला दाब. कार्ब्युरेटरच्या गाडीत तिन्ही सिलेंडरना पेट्रोल एकाच ठिकाणाहून जायचं. एमपीएफआय गाडीत प्रत्येकाला स्वतंत्र इंजेक्टर असतो, म्हणून एकट्या सिलेंडरचं पेट्रोलही अडू शकतं.

आता खरी गंमत. बिघडलेला सिलेंडर ओळखायचा कसा? जाणकार मिस्त्री चालू इंजिनावर एकेका इंजेक्टरची पिन काढून बघतो. चांगल्या सिलेंडरची पिन काढली की इंजिन आणखी डळमळतं. जिथे काढूनही काहीच फरक पडत नाही, तोच सिलेंडर बंद! मुलांना हे आधी उलटं वाटतं. उत्तर सांगायची घाई करू नका, त्यांना भांडू द्या.

समजा पहिला सिलेंडर बंद निघाला. इंजिन थंड करून पहिल्याचा प्लग दुसऱ्याला आणि दुसऱ्याचा पहिल्याला लावायचा. दोष दुसऱ्याकडे गेला तर प्लग खराब. पहिल्यातच राहिला तर प्लगची वायर, मग इंजेक्टर, शेवटी दाब. एका वेळी एकच बदल. तिन्ही प्लग एकदम नवे टाकले तर गाडी कदाचित सुधारेल, खर्चही फार नाही. पण कारण कळत नाही.

दोष गेला तरी शंका उरतेच. प्लग काढताना ढिली वायर घट्ट बसली असेल तर? म्हणून जुना प्लग पुन्हा लावून बघायचा. दोष परत आला तरच प्लगवर ठपका ठेवायचा. ही पायरी बहुतेक जण गाळतात.

मुलांना चालू इंजिनाला हात लावू देऊ नका. प्लगच्या वायरीत हजारो व्होल्ट असतात. पालकांनो, गाडी मिसिंग मारत असताना तशीच पळवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि तो तापून निकामी होतो. तो प्लगपेक्षा कितीतरी महाग असतो.

वर्गात गाडी नको, दोन सारख्या बॅटऱ्या पुरतात. एकीत सेल संपलेले घाला, पण मुलांना सांगू नका. आधी अंदाज वहीत लिहायला लावा, मग दोन्हींचे सेल अदलाबदल करायला द्या. उजेड दुसरीकडे गेला की लगेच शाबासकी नको. "सेल पुन्हा जागेवर घालून बघ," म्हणा. दुसऱ्या दिवशी सेल चांगले ठेवा, पण बल्ब गेलेला.