शेवटच्या पानावरचा कैदी

प्रश्न : मुलीच्या आग्रहाखातर ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ ही चित्रकथा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. बाराव्या अंकात खलनायक मरतो, उठतो, पुन्हा मरतो. ते एक वेळ समजू शकतो. पण एवढं युद्ध जिंकल्यावर शेवटचं पान सुपरमॅनचं नाही, वंडर वुमनचं नाही. इस्पितळात जखडून ठेवलेल्या एका वेड्याचं आहे. असा शेवट का केला असेल?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या माणसाचं नाव रॉजर हेडन, टोपणनाव सायको-पायरेट. त्याच्याकडे एक मुखवटा आहे आणि त्याच्या जोरावर तो समोरच्याच्या मनात हवी ती भावना पेटवू शकतो : भीती, राग, आनंद, काहीही. अँटी-मॉनिटर नावाच्या महाभयंकर खलनायकाने त्याला याच कामासाठी पदरी ठेवलं होतं. तुम्ही त्याला वेडा म्हणता, पण कथेतले डॉक्टरही तेच म्हणतात आणि तिथेच त्यांची चूक होते. तो बडबडतो त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. अनेक पृथ्व्या होत्या, त्या नष्ट झाल्या, हे तो सांगतो. ऐकणाऱ्याला त्यातलं काही ठाऊक नाही, म्हणून तो वेडा ठरतो.

हे पान का आलं हे समजायला ‘अनेक पृथ्व्या’ आधी कुठून आल्या ते पाहावं लागेल. अमेरिकेतल्या डीसी प्रकाशनाने १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आणला. दुसऱ्या महायुद्धानंतर सुपरहिरोंची लाट ओसरली, बरीचशी पात्रं बंद पडली. १९५६ मध्ये ‘फ्लॅश’ हे जुनं नाव घेऊन बॅरी ॲलन हा अगदी नवा नायक आला. मग जुन्या फ्लॅशचं, जे गॅरिकचं, काय करायचं? १९६१ मध्ये लेखक गार्डनर फॉक्स आणि चित्रकार कारमाइन इन्फँटिनो यांनी ‘द फ्लॅश’च्या १२३व्या अंकात त्यावर तोड काढली : जे गॅरिक दुसऱ्या पृथ्वीवर राहतो. दोन्ही पृथ्व्या एकाच जागी आहेत, पण त्यांच्या कंपनाची गती वेगळी, म्हणून एकमेकींना दिसत नाहीत. कल्पना इतकी गोड होती की पृथ्व्या वाढतच गेल्या. एकीवर आपले नायकच गुंड, एकीवर नाझींनी युद्ध जिंकलेलं. दुसऱ्या कंपन्यांकडून विकत घेतलेल्या पात्रांनाही एकेक पृथ्वी बहाल झाली.

आणि आता जो भाग येतो तो प्रश्नोत्तरांच्या या पानाला फार जवळचा आहे. १९८१ च्या सुमारास ‘ग्रीन लँटर्न’ मासिकात एका वाचकाने पत्र पाठवून विचारलं की अमुक पात्राने ग्रीन लँटर्नला ओळखलं कसं नाही, तीन वर्षांपूर्वी तर दोघांनी एकत्र काम केलं होतं. मासिकाचे लेखक मार्व्ह वुल्फमन यांनी त्या पत्राला उत्तर दिलं की हा सगळा गुंता कधी तरी सोडवायला हवा. मग त्यांच्या डोक्यात विचार सुरू झाला आणि त्यातून ही मालिका उभी राहिली, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. पीटर सँडरसन नावाच्या अभ्यासकाला डीसीच्या ग्रंथसंग्रहात बसवून जुना अंक अन् अंक वाचायला लावला, टिपणं काढायला लावली. १९८५ हे कंपनीचं पन्नासावं वर्ष होतं. वुल्फमन यांनी लिहायचं आणि जॉर्ज पेरेझ यांनी काढायचं, असे बारा अंक ठरले. अंकांवर एप्रिल १९८५ ते मार्च १९८६ अशा तारखा आहेत. सगळ्या पृथ्व्या मिळून एक पृथ्वी करायची, हे त्याचं ध्येय.

म्हणजे एका वाचकाची आठवण पक्की होती, म्हणून हे सगळं घडलं. हे ध्यानात ठेवा, शेवटच्या पानाशी त्याचं नातं आहे.

बाराव्या अंकाआधी अकरावा अंक नीट वाचायला हवा, कारण माझ्या मते या मालिकेचं हृदय तिथे आहे. लढाईचा अंक नाही तो. दहाव्या अंकात काळाच्या आरंभाशी नायकांच्या बाजूचा स्पेक्टर आणि अँटी-मॉनिटर यांची झुंज होते आणि विश्व नव्याने घडतं; अकराव्यात सकाळ होते. १९३८ चा, दुसऱ्या पृथ्वीवरचा म्हातारा सुपरमॅन, कानशिलांवर केस पांढरे झालेला, जागा होतो. त्याला वाटतं, वाईट स्वप्न पडलं होतं. तयार होऊन तो आपल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जायला निघतो. त्याचं पत्र ‘डेली स्टार’. इमारतीवर मात्र ‘डेली प्लॅनेट’ असं लिहिलेलं आहे आणि आत दुसराच, तरुण क्लार्क केंट नोकरीला आहे. म्हाताऱ्याला कुणी ओळखत नाही. दोघे सुपरमॅन, जे गॅरिक आणि बॅरी ॲलनचा शिष्य वॉली वेस्ट मिळून काळ ओलांडणाऱ्या यंत्रावरून त्याची पृथ्वी शोधायला जातात. पृथ्वीच्या जागी काळी पोकळी असते. त्याची बायको लोइस त्या पृथ्वीवर होती. तो त्या पोकळीत उडी घ्यायला धावतो आणि बाकीचे त्याला मागे खेचतात.

हे चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपल्याकडची धरणात गेलेली गावं आठवली. गाव बुडालेला माणूस निदान पाण्याकडे बोट करून सांगू शकतो की आमचं घर इथे होतं, तिथे पिंपळ होता. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की देवळाचा कळस दिसतो, लोक नातवंडांना घेऊन जातात. या म्हाताऱ्याला बोट दाखवायला पाणीसुद्धा नाही. त्याचं गाव बुडालेलं नाही. ते कधी नव्हतंच, असं ठरलं आहे. बॅटमनची मुलगी हेलेना, म्हणजे हंट्रेस, तिचीही तीच गत. नव्या जगात तिचा बाप तिचा बाप नाही, तिच्या जन्माची कुठे नोंद नाही. सातबाऱ्यावरून नाव उडालं की माणूस कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतो. या दोघांना जायला कचेरीच नाही.

आता बारावा अंक. अँटी-मॉनिटर अख्खी पृथ्वी आपल्या प्रतिद्रव्याच्या विश्वात ओढून नेतो आणि काळ्या सावल्यांसारखे राक्षस तिच्यावर सोडतो. वरच्या अंतराळात नायकांची फौज त्याच्यावर चालून जाते. पेरेझ यांना गर्दी काढायची हौस होती. जिथे दुसरा चित्रकार पाठमोरी डोकी काढून वेळ मारून नेईल, तिथे ते प्रत्येकाचा चेहरा, पट्टा, बूट काढत. या अंकातल्या पानांवर इतक्या बारीक चौकटी आहेत की भिंग घ्यावंसं वाटतं. किमियो होशी, म्हणजे डॉक्टर लाइट, अँटी-मॉनिटरला बळ पुरवणाऱ्या ताऱ्याची ऊर्जा शोषून घेते. पुढे दूर बसलेला डार्कसाइड हा दुसरा खलनायक अलेक्झांडर लुथर या पोराच्या डोळ्यांतून पाहून स्वतःचा तडाखा हाणतो. खलनायक पुन्हापुन्हा उठतो, ही तुमची तक्रार मला मान्य आहे. पहिल्या पाडावानंतर दोन पानांत आटोपलं असतं तर अंक अधिक धारदार झाला असता.

पण शेवटचा ठोसा कोण मारतो ते पाहा. तरुण सुपरमॅनला मुद्दाम बाजूला सारून, त्याला घरी पाठवून, म्हातारा मागे राहतो. त्याला परत जायला घर नाही, म्हणून तो राहतो. १९३८ मध्ये ज्या पात्रापासून हा सगळा प्रकार सुरू झाला, त्याच्याच मुठीने अँटी-मॉनिटर फुटतो. त्याच्यासोबत फक्त दोन पोरं उरतात. एक अलेक्झांडर, ज्याला तिसऱ्या पृथ्वीच्या विनाशाच्या वेळी आईबापांनी यानात घालून पाठवलं होतं. दुसरा सुपरबॉय-प्राइम, आणि तो आला त्या पृथ्वीवर सुपरहिरो फक्त कॉमिक्समध्ये असतात. तिघांचीही जगं गेलेली. मग अलेक्झांडर सांगतो की लोइसला त्याने आपल्या आत जपून ठेवलं आहे, आणि ती बाहेर येते. पांढऱ्या केसांची ती बाई नवऱ्याचा हात धरते आणि चौघं या विश्वापलीकडे निघून जातात. इतक्या मोठ्या युद्धात लेखकाने एका म्हाताऱ्या जोडप्यासाठी जागा ठेवली, याबद्दल मी वुल्फमन यांचा ऋणी आहे.

हंट्रेस आणि तिच्या पृथ्वीचा रॉबिन यांना असा निरोप मिळत नाही. सावल्यांच्या हल्ल्यात ते मारले जातात आणि त्यांचे देह सापडत नाहीत. नोंद नसलेल्या माणसांचा मृत्यूही नोंदला जात नाही. वंडर वुमन अँटी-मॉनिटरच्या माऱ्यात सापडून काळात मागे मागे जाते आणि जिच्यापासून ती घडली त्या मातीत मिसळते. पुढे १९८७ सालच्या अंकापासून तिची कथा नव्याने सुरू झाली, तेव्हा तिला पुन्हा मातीतून घडवणारे चित्रकार होते जॉर्ज पेरेझच. ज्या हाताने विरघळवली, त्याच हाताने उभी केली.

फ्लॅशचं तसं नाही. बॅरी ॲलन आठव्या अंकातच मेला आहे, अँटी-मॉनिटरची तोफ उद्ध्वस्त करताना, एकटा, कुणाच्या नजरेआड. बाराव्या अंकात त्याच्या बायकोचा भाचा आणि त्याचा शिष्य वॉली वेस्ट त्याचा शोध घेतो आणि त्याला सापडतो तो फक्त रिकामा पोशाख. तोच पोशाख घालून वॉली नवा फ्लॅश होतो. इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. आपला वेताळ एकविसावा होता. बाप गेला की मुलगा मुखवटा चढवायचा आणि जंगलातले लोक म्हणायचे, वेताळ अमर आहे. फरक एवढाच की वेताळाचा वारसा लपवण्यासाठी होता आणि वॉलीचा सांगण्यासाठी. आपल्या आधी कोण होता, हे जगाला कळावं म्हणून तो ते नाव घेतो.

आता तुमच्या कैद्याकडे येतो. हा शेवट सुखाचा म्हणायचा तर पृथ्वी वाचली आहे, खलनायक मेला आहे. दुःखाचा म्हणायचा तर अब्जावधी माणसं गेली आहेत आणि नव्या जगाला ती कधी होती याचीच खबर नाही. शोक करायलाही आठवण लागते. लेखकापुढे पेच असा होता की गुंता सुटायचा तर आठवण पुसलीच पाहिजे. आणि आठवण पूर्ण पुसली, तर ज्यांनी जीव दिला त्यांच्यासाठी रडणारं कुणी उरत नाही. बाराव्या अंकात त्या लढाईतल्या काही नायकांना अजून सारं आठवतं, पण पुढच्या मासिकांतून ती आठवण गळून गेली. १९८६ मध्ये जॉन बर्न यांनी सुपरमॅनची कहाणी पहिल्यापासून मांडली आणि जुन्यांचा विषयच संपला. तेव्हा कुणी तरी एक माणूस असा हवा होता, जो विसरू शकत नाही. तो नायक असून चालणार नव्हतं. नायकाने सांगितलं असतं तर लोकांनी विश्वास ठेवला असता, आणि गुंता पुन्हा सुरू झाला असता. म्हणून तो खलनायकाचा हस्तक, म्हणून तो जखडलेला, म्हणून त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे त्याच्या जागी तुम्ही आहात. कोठडीबाहेरच्या साऱ्या जगाला जे ठाऊक नाही ते त्याला ठाऊक आहे, आणि बारा अंक वाचल्यामुळे तुम्हालाही. ज्या पोराने १९६१ चा तो अंक विकत घेतला होता, ज्याने जे गॅरिकला पुन्हा धावताना पाहून टाळ्या वाजवल्या होत्या, त्याला १९८६ मध्ये प्रकाशकाने सांगितलं की तसं काही झालंच नव्हतं. त्याच्या कपाटात मात्र अंक होता. त्या पोराचं दुःख लेखकाने त्या वेड्याच्या तोंडी घातलं आहे, आणि ते हसण्यावारी नेलेलं नाही.

ही केवळ माझी कल्पना नाही याला एक पुरावा आहे. लेखक ग्रँट मॉरिसन यांनी १९९० मध्ये ‘ॲनिमल मॅन’ मालिकेत याच सायको-पायरेटला परत आणलं. इस्पितळात बसून तो जुनी जगं आठवतो आणि पुसल्या गेलेल्या पृथ्व्यांची माणसं त्याच्या मुखवट्यातून बाहेर येऊ लागतात, एकामागून एक, आम्हालाही जगायचं होतं म्हणत. शेवटच्या पानाची ताकद दुसऱ्या लेखकाने ओळखली ती अशी.

पुसलेलं कायमचं पुसलं जात नाही, हे पुढे प्रकाशकालाही मान्य करावं लागलं. २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘इन्फिनिट क्रायसिस’मध्ये म्हातारा सुपरमॅन, लोइस, अलेक्झांडर आणि सुपरबॉय-प्राइम परतले, त्यानंतर अनेक पृथ्व्याही परतल्या, आणि २००८ च्या ‘फायनल क्रायसिस’मध्ये बॅरी ॲलन धावत आला. ‘फायनल क्रायसिस’ हे शब्द तुम्ही वाचलेल्या बाराव्या अंकाचंच शीर्षक होते. त्या नंतरच्या कथांत म्हाताऱ्या जोडप्याची शांत विदाई मोडली गेली, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मुलीसोबत एकदा अकरावा आणि बारावा अंक सलग वाचा. लढाईची पानं भरभर उलटलीत तरी चालेल. पण ‘डेली स्टार’ शोधायला निघालेल्या त्या म्हाताऱ्यापाशी थांबा, आणि शेवटच्या पानावर आलात की त्या माणसाला वेडा म्हणू नका.