पिलांची ऊब व संगणकी थर्मोस्टॅट

आपल्या नगर जिल्ह्यांत (२०२४ पासून अहिल्यानगर) कोंबडीपालन हा शेतीचा चांगला जोडधंदा आहे. एक दिवसाच्या पिलांस पहिल्या आठवड्यांत सुमारें ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढें दर आठवड्यास ती सुमारें ३ अंशांनीं उतरवीत जावी. पौष-माघांत रात्रीं पारा १० अंशांखालींही जातो, तेव्हां ब्रूडरचा दिवा रात्रभर जागून सांभाळणें कठीण. हें काम थर्मोस्टॅटकडून करवून घेतां येतें.

घरांतील विजेचीं उपकरणें आपोआप चालविण्यासाठीं 'होम असिस्टंट' नांवाची संगणकप्रणाली २०१३ सालीं सुरू झाली. तिचें मूळ लेखन सर्वांस खुलें आहे व ती लहान संगणकावर, इंटरनेटवांचूनही, चालते. तापमान मोजणारा सेन्सर व विजेची कळ यांची तींत जोडी लावली कीं थर्मोस्टॅट तयार होतो. नेमलेलें तापमान ३५ व सवलत ०.३ अंश ठेविल्यास ३४.७ वर दिवा लागतो व ३५.३ वर मालवतो. सवलत नसेल तर दिवा क्षणोक्षणीं लागत-विझत राहून कळ लवकर झिजते.

परंतु खरा धोका निराळाच आहे. सेन्सरची तार तुटली किंवा बॅटरी संपली, आणि प्रणाली शेवटच्या नोंदीवरच विसंबून राहिली, तर लागलेला दिवा लागलेलाच राहून पिलें होरपळतात. विझलेला असेल तर गारठतात. गतसालच्या पाहणीवरून यंदाची आणेवारी ठरवावी, तसाच हा प्रकार.

यास्तव तीन गोष्टी कराव्या:

१. सेन्सरकडून दहा मिनिटें वार्ता न आल्यास घरांत घंटा वाजेल, असा नियम प्रणालींत लिहावा.

२. दिव्याच्या वीजमार्गांत ३८ अंशांस वीज तोडणारा साधा यांत्रिक थर्मोस्टॅट स्वतंत्र बसवावा. तो संगणकावर अवलंबून नसतो.

३. सेन्सर पिलांच्या पाठीच्या उंचीवर टांगावा, छतापाशीं नव्हे.

इतकें करूनही पिलांकडे लक्ष असावें. तीं दिव्याखालीं गर्दी करीत असल्यास ऊब कमी आहे. दूर जाऊन चोंच उघडून धापा टाकीत असल्यास अधिक आहे. सारखीं पसरलीं असल्यास बरोबर आहे.

प्रणाली खुली असल्यामुळें तींतील दोष कोणासही तिच्या कर्त्यांस कळवितां येतो. जाणत्यास दुरुस्तीही लिहून पाठवितां येते, व ती तपासून स्वीकारली गेल्यास सर्वांच्या उपयोगीं पडते. मात्र 'बिघडलें' एवढेंच न कळवितां, पंचनाम्याप्रमाणें वेळ, नोंदलेलें तापमान व दिव्याची स्थिति लिहावी. एका रात्रीची अशी नीट नोंद परगांवच्या शेतकऱ्याचीं पिलेंही वाचवूं शकेल.