रायपूरची रतनजोत आणि लेहची थंडी

उंचावरील थंड प्रदेशात डिझेल ट्रक सुरू करणे ही वरवर पाहता केवळ यंत्रविद्येची बाब आहे. परंतु इंधनाचे मानक, त्याचा खर्च आणि कच्चा माल पुरविणाऱ्याचा वाटा हे अर्थशास्त्राचे प्रश्नही तीत गुंतलेले आहेत. छत्तीसगडची राजधानी रायपूर या विषयाशी जोडली जाते ती याच मार्गाने.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबली जाऊन इतकी तापते की, तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. लेह शहर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असून तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. हवा विरळ, सिलिंडरच्या थंडगार भिंती उष्णता शोषून घेणाऱ्या, वंगण घट्ट झालेले आणि बॅटरीची शक्ती नेमकी त्याच वेळी घटलेली, अशी ही स्थिती असते. मात्र पुष्कळदा इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. डिझेलमध्ये पॅराफिन जातीचे मेण विरघळलेले असते. थंडीत त्याचे स्फटिक बनून गाळणी तुंबते. तापमान आणखी उतरल्यास इंधन वाहणेच थांबते.

देशातील सर्वसाधारण डिझेलसाठी ‘आयएस १४६०’ हे मानक आहे. गाळणी तुंबविणाऱ्या तापमानाची त्यातील कमाल मर्यादा उन्हाळ्यात १८ अंश सेल्सिअस, तर हिवाळ्यात ६ अंश आहे. रायपूरला ती पुरते, कारण तेथे जानेवारीची पहाटही सहसा १० अंशांच्या वरच असते. लडाखमध्ये ती निरर्थक ठरते. म्हणून चालक डिझेलमध्ये रॉकेल मिसळत, टाकीखाली शेगडी ठेवत किंवा रात्रभर इंजिन चालू ठेवत. रॉकेलने पंपाची झीज वाढते, शेगडीने आगीचा धोका संभवतो. योग्य इंधन बाजारात नसल्याचा हा खर्च कोणत्याही हिशेबात दिसत नव्हता. तो चालकाच्या माथी होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑईलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध केले, तेव्हा या उणिवेची दखल घेतली गेली.

रायपूर येथे २००५ मध्ये छत्तीसगड जैवइंधन विकास प्राधिकरण स्थापन झाले. पडीक जमिनीवर रतनजोत, म्हणजे आपल्याकडील मोगली एरंड, मोठ्या प्रमाणावर लावण्यात आली. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले होते. डिझेलच्या बाबतीत ते एक टक्क्यापर्यंतही पोहोचले नाही. २०१८ च्या धोरणाने २०३० साठी ५ टक्क्यांचे उद्दिष्ट घेतले. पडीक जमिनीत पीक भरघोस येईल हे गृहीतकच कच्चे होते. रायपूरच्या हवेत जाणवली नसती अशी आणखी एक मर्यादा होती. रतनजोतीच्या तेलात सुमारे एक-पंचमांश संपृक्त मेदाम्ले असतात. त्यांचे स्फटिक लवकर बनत असल्याने शुद्ध जैवडिझेल शून्याच्या आसपासच घट्ट होऊ लागते.

परीक्षार्थींनी येथे जैवडिझेल आणि जैव-जेट इंधन यांतील फरक ध्यानात घ्यावा. पहिल्यात तेलाची मिथेनॉलशी अभिक्रिया होते व रेणूत प्राणवायू शिल्लक राहतो. दुसऱ्यात हायड्रोजनच्या साह्याने प्राणवायू काढून टाकतात आणि सरळ साखळ्यांना फांद्या फोडतात. अशा साखळ्या एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत, त्यामुळे गोठण्याचे तापमान खाली जाते. विमान इंधनासाठी ते उणे ४७ अंश असावे लागते. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने हे तंत्र विकसित केले. २७ ऑगस्ट २०१८ रोजी स्पाइसजेटचे विमान २५ टक्के जैव-जेट मिश्रणावर डेहराडूनहून दिल्लीस आले. त्यासाठीचे बी छत्तीसगडमधील सुमारे ५०० कुटुंबांकडून आले होते. ३१ जानेवारी २०२० रोजी, ऐन थंडीत, वायुसेनेच्या एएन-३२ विमानाने १० टक्के मिश्रणावर थेट लेहच्या विमानतळावरून उड्डाण केले. त्याही इंधनाचे तेल छत्तीसगडच्या आदिवासी भागातील बियांचे होते.

याच प्रक्रियेने ट्रकसाठी थंडीत न गोठणारे डिझेलही बनविता येते. अडचण भांडवलाची आहे. हायड्रोजनचा संयंत्र-खर्च लहान प्रमाणावर परवडत नाही, आणि विखुरलेल्या पडीक जमिनींतून बियांचा अखंड पुरवठा होत नाही. परिणामी मूल्यवृद्धी प्रयोगशाळेत व शुद्धीकरण कारखान्यात होते. गावात बी विकले जाते ते किलोवर. त्यापासूनचे इंधन शून्य अंशाला घट्ट होणार की उणे ४७ अंशांनाही वाहत राहणार, याचा त्या वजनकाट्याशी संबंध येत नाही.