नियम, सक्ती व सल्ला : 'मस्ट', 'हॅव टू' आणि 'शुड' यांचे अध्यापन

सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजीचा समावेश झाला. वरच्या इयत्तांत नियम, सक्ती व सल्ला व्यक्त करणारी सहायक क्रियापदे आली, की विद्यार्थ्यांचा गोंधळ उडतो. याचे मुख्य कारण मराठीतील 'पाहिजे' हा शब्द होय. 'रांगेत चालले पाहिजे', 'उद्या तालुक्याला गेले पाहिजे', 'तू लवकर निजले पाहिजेस' या वाक्यांत अनुक्रमे नियम, निकड आणि सल्ला आहे. शब्द मात्र एकच.

तथापि हे भेद मराठीस अपरिचित नाहीत. शिक्षकांनी फळ्यावर पुढील तीन साचे लिहावेत :

(१) 'गेलेच पाहिजे' : मस्ट गो. बोलणाऱ्याचा आग्रह अथवा नियमाची आज्ञा.
(२) 'जावे लागते' : हॅव टू गो. परिस्थितीने किंवा दुसऱ्या कोणी घातलेली सक्ती.
(३) 'जावे' : शुड गो. सल्ला, ऐकणे न ऐकणे समोरच्याच्या हाती.

पहिल्या दोहोंतील सीमारेषा नेहमीच काटेकोर नसते. म्हणून तेथे फार अडू नये. वडीलधाऱ्यांस सल्ला देताना मात्र 'मस्ट' हुकमासारखे वाटते, तेथे 'शुड' योजावे.

खरी कसोटी नकारार्थी वाक्यांत लागते. 'मस्ट नॉट' म्हणजे 'करता कामा नये'. 'डोन्ट हॅव टू' म्हणजे 'करावे लागत नाही'. 'शुड नॉट' म्हणजे 'करू नये'. पहिल्यात मनाई आहे, दुसऱ्यात मोकळीक. विजेच्या तारेजवळील पाटीवर 'यू मस्ट नॉट टच' असे लिहिलेले असता, 'हात लावण्याची गरज नाही' असा अर्थ ज्या मुलाने केला, त्याच्या जिवावर बेतू शकते. कीटकनाशकाच्या डब्यावरील सूचनेसही हेच लागू आहे. म्हणून हा भेद गुणांपुरता नाही, हे वर्गास स्पष्ट सांगावे.

भूतकाळात आणखी एक खाचखळगा आहे. सक्तीच्या अर्थी 'मस्ट'ला स्वतंत्र भूतकाळ नाही. तेथे 'हॅड टू' येते. 'ही हॅड टू गो' म्हणजे त्याला जावे लागले, आणि तो गेला. 'ही शुड हॅव गॉन' म्हणजे त्याने जायला हवे होते, पण तो गेला नाही.

रूपांविषयी दोन गोष्टी वारंवार घोटून घ्याव्यात. 'मस्ट' व 'शुड' यांच्यापुढे 'टू' येत नाही, आणि तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्याबरोबर त्यांना 'एस' लागत नाही. 'ही मस्ट टू गो' व 'ही मस्ट्स गो' ही दोन्ही वाक्ये अशुद्ध होत. 'हॅव टू'चे मात्र 'हॅज टू' होते, आणि त्याचा प्रश्न 'डज ही हॅव टू गो?' असा होतो.

पाठाचा आरंभ तोंडी करावा. शाळेचे नियम, घरची कामे आणि आजारी मित्रास द्यावयाचा सल्ला असे तीन विषय देऊन प्रत्येक गटाकडून पाच वाक्ये वदवून घ्यावीत; नंतरच ती वहीत उतरवावीत. शेवटी पुढील वाक्यांचे इंग्रजी रूपांतर करवून घ्यावे :

(१) विहिरीत कचरा टाकता कामा नये.
(२) रविवारी शाळेत यावे लागत नाही.
(३) जेवणापूर्वी हात धुवावेत.
(४) काल मला पायी यावे लागले.
(५) तू मला सांगायला हवे होतेस.

पहिल्या दोन वाक्यांची उत्तरे अचूक आली, तर पाठाचा गाभा वर्गाच्या ध्यानी आला असे समजण्यास हरकत नाही.